सर्व्हर चालू, बॅकअप ‘सक्सेसफुल’, तरी हिशेब अर्धवट? लिनक्सवरचा गेस्ट एजंट आधी तपासा

बालाघाट : समजा, धान खरेदीच्या ऐन हंगामात बालाघाट-वारासिवनी पट्ट्यातल्या एखाद्या राईस मिलने आवक, वजन आणि पेमेंटचा हिशेब ऑफिसातल्या जुन्या पीसीवरून उचलून भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर ठेवला आहे. रोज रात्री बॅकअप होतो, स्क्रीनवर हिरवी खूण दिसते. एक दिवस सर्व्हर बिघडतो, बॅकअप परत चढवला जातो, आणि डेटाबेस काही उघडत नाही. बॅकअप झाला होता हे खरंच; पण तो घेतला त्या क्षणी आतलं सॉफ्टवेअर एखादी नोंद अर्धी लिहीत होतं. ‘जरा थांब’ असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे सांगण्याचं काम गेस्ट एजंटचं असतं.

असे सर्व्हर आता फार लांब राहिलेले नाहीत. मायक्रोसॉफ्ट अझ्युरचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. काही ऑफिसांत तर एकाच मोठ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स टाकून चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवली जातात. ती सांभाळणारा माणूस बालाघाटला बसलेला असो, गोंदियाला की नागपूरला, अडचणी सारख्याच येतात.

एजंट म्हणजे आतला माणूस

व्हर्च्युअल मशीन ही भाड्याच्या खोलीसारखी असते. घरमालक बाहेरून लाईट बंद-चालू करू शकतो, पण आतून कडी लावलेली असली की आत काय चाललंय ते त्याला कळत नाही. गेस्ट एजंट हा त्या खोलीत बसलेला, बाहेरून हाक आली की उत्तर देणारा माणूस. लिनक्समध्ये तो पार्श्वभूमीत चालणारा एक छोटा प्रोग्राम असतो.

तो असला की बाहेरच्या मुख्य मशीनला आतला आयपी पत्ता दिसतो, सर्व्हर नीट बंद करता येतो, आणि स्नॅपशॉटच्या आधी फाइल सिस्टम क्षणभर गोठवता येते. अझ्युरवर विसरलेला पासवर्ड बदलायचा असेल तरी हाच लागतो.

एजंट नसताना घेतलेला स्नॅपशॉट हा लाईट अचानक गेल्यावर डिस्क जशी राहते तसा असतो. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलचं इनोडीबी आपल्या लॉगवरून बहुतेक वेळा सावरतं. जुन्या मायआयसॅम टेबलांची मात्र खात्री देता येत नाही.

कुठे कोणता एजंट

प्रॉक्समॉक्स किंवा केव्हीएमवर ‘क्यूईएमयू गेस्ट एजंट’ लागतो. व्हीएमवेअरवर ‘ओपन-व्हीएम-टूल्स’, अझ्युरवर ‘डब्ल्यूएएजंट’, गूगलवर ‘गूगल गेस्ट एजंट’. ॲमेझॉनवर दुरून आदेश देण्यासाठी ‘एसएसएम एजंट’ वापरतात. एका ठिकाणचा एजंट दुसऱ्या ठिकाणी उपयोगाचा नाही. मशीन एका क्लाउडमधून दुसरीकडे हलवलं की जुना काढून नवा टाकावा लागतो, आणि नेमकं हेच राहून जातं.

बसवायचा कसा

(खालचे आदेश संगणकावर रोमन अक्षरांतच टाइप करायचे, इथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.)

क्लाउडच्या तयार इमेजमध्ये एजंट बहुधा आधीच असतो. प्रॉक्समॉक्सवर मात्र काम दोन्हीकडे करावं लागतं. पहिलं बाहेर : मशीनच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘क्यूईएमयू गेस्ट एजंट’ सुरू करायचा. दुसरं आत : उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल क्यूईएमयू-गेस्ट-एजंट’, आणि रॉकी, अल्मा किंवा रेड हॅटवर ‘एपीटी’च्या जागी ‘डीएनएफ’.

यानंतर बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. आतून ‘रीबूट’ दिलं तरी एजंट सुरू होत नाही. कारण बाहेर केलेल्या बदलामुळे मशीनला एक नवं आभासी पोर्ट मिळणार असतं, आणि ते मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्यावरच मिळतं. म्हणून आधी ‘शटडाउन’, मग ‘स्टार्ट’. व्हर्ट-मॅनेजर वापरणाऱ्यांनी हार्डवेअरच्या यादीत एजंटसाठीचं ‘चॅनेल’ आहे का ते पाहावं. नसेल तर जोडावं.

डेबियन-उबुंटूवर ‘सिस्टमसीटीएल एनेबल’ दिल्यावर या सर्व्हिसला इन्स्टॉलची माहिती नाही असा लांबलचक संदेश येऊ शकतो. त्याने घाबरायचं कारण नाही. आभासी पोर्ट दिसलं की ती सर्व्हिस आपोआप उठते.

खात्री बाहेरूनच करावी. मशीनचा क्रमांक १०० असेल तर प्रॉक्समॉक्सवर ‘क्यूएम एजंट १०० पिंग’. काहीच न छापता आदेश संपला तर एजंट बोलतोय. ‘नॉट रनिंग’ आलं तर पुढचा क्रम धरावा.

बिघाड शोधायचा क्रम

१. सर्व्हिस चालू आहे का? ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ने पाहावं. इथे नाव चकवतं. अझ्युरचा एजंट उबुंटूवर ‘वॉलिनक्सएजंट’ या नावाने चालतो, तर रेड हॅट घराण्यात ‘डब्ल्यूएएजंट’ नावाने. उबुंटूवर ॲमेझॉनचा एजंट स्नॅप पॅकेज म्हणून येतो, त्यामुळे सर्व्हिसच्या नावाआधी ‘स्नॅप’ लागतं. चुकीचं नाव टाकलं की सर्व्हिस सापडत नाही, आणि एजंटच नाही असा समज होतो.

२. डिस्क भरली आहे का? ‘डीएफ -एच’. ‘व्हार’ फोल्डर शंभर टक्के भरला तर एजंट लॉग लिहू शकत नाही आणि अडतो. हे तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही, तरी लोक सगळ्यात शेवटी पाहतात.

३. लॉग काय म्हणतो? ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव. अझ्युरचा वेगळा लॉग ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात ‘डब्ल्यूएएजंट डॉट लॉग’ या नावाने असतो.

४. फायरवॉलने वाट अडवली आहे का? अझ्युरचा एजंट १६८.६३.१२९.१६ या पत्त्याशी ८० आणि ३२५२६ या पोर्टवर बोलतो. कुठलंही केंद्र निवडलं तरी पत्ता हाच. सुरक्षेसाठी ‘बाहेर जाणारं सगळं बंद’ असा नियम लावला आणि हा पत्ता अनोळखी वाटून तोही बंद झाला, की पोर्टलवर ‘नॉट रेडी’ दिसू लागतं. ‘कर्ल’ने हाक मारून पाहायची तर रूट म्हणूनच मारावी, एजंट स्वतःच इतर वापरकर्त्यांना ती वाट बंद करून ठेवतो. गूगल आणि ॲमेझॉनसाठी १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता खुला हवा. ॲमेझॉनवर त्याशिवाय मशीनला योग्य ‘रोल’ दिलेला हवा आणि ४४३ पोर्टवरून बाहेर जाता यायला हवं.

५. पॅकेजच मिळत नाही? सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि त्याचे नेहमीचे पत्ते बंद झाले. तिथे ‘यम इन्स्टॉल’ फसणारच. संग्रहातल्या पत्त्यावरून तात्पुरतं काम भागतं. खरा उपाय नव्या आवृत्तीवर जाणं हाच.

६. बॅकअपनंतर मशीन थिजलं? फाइल सिस्टम गोठवली गेली, पण परत मोकळी झाली नाही, तर मशीन पिंगला उत्तर देतं आणि लिहायचं कुठलंच काम होत नाही. अशा वेळी बाहेरून ‘क्यूएम एजंट १०० एफएसफ्रीझ-स्टेटस’ पाहावं आणि गरज पडल्यास ‘एफएसफ्रीझ-थॉ’ द्यावं. घाईत पॉवर बंद करू नये.

उलट बाजूचीही एक चूक होते. प्रॉक्समॉक्समध्ये एजंट ‘ऑन’, पण आत तो बसवलेलाच नाही. मग ‘शटडाउन’ दिलं की मुख्य मशीन उत्तराची वाट पाहत राहतं आणि शेवटी ‘टाइमआउट’ येतो.

किल्ली कुणाच्या हातात?

आतला माणूस कामाचा खरा, पण त्याच्याकडे साऱ्या घराच्या किल्ल्या असतात. एजंट सहसा रूटच्या अधिकाराने चालतो. सप्टेंबर २०२१ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीने अझ्युरच्या लिनक्स मशीनवरच्या ‘ओएमआय’ या एजंटातले चार दोष उघड केले. ‘ओमिगॉड’ म्हणून ते गाजले. त्यातला एक १० पैकी ९.८ गंभीरतेचा होता. ज्या मशीनवर या एजंटचं पोर्ट इंटरनेटला उघडं होतं, तिथे ओळख न देता पाठवलेली विनंतीसुद्धा रूट म्हणून चालायची. काही लॉग सेवा सुरू केल्या की हा एजंट आपोआप बसत होता; आपल्या मशीनवर तो आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, पण जे आहे हेच ठाऊक नाही ते अपडेट कोण करणार?

म्हणून मशीनवर कोणकोणते एजंट आहेत याची यादी करून ठेवावी आणि ते सिस्टमच्या अपडेटबरोबर ताजे ठेवावेत. रेड हॅट घराण्यात क्यूईएमयू एजंटचे बाहेरून प्रोग्राम चालवण्याचे आणि फाइल वाचण्याचे आदेश मुळातच बंद ठेवण्याची पद्धत आहे. ते चालत नाहीत म्हणून लगेच उघडू नयेत. खरोखर गरज असेल तरच उघडावेत.

हिरव्या खुणेवर थांबू नये

एजंटने फाइल सिस्टम गोठवली तरी डेटाबेसला आपलं लिखाण संपवायला वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी क्यूईएमयूमध्ये ‘एफएसफ्रीझ-हुक’ आणि अझ्युरमध्ये बॅकअपच्या आधी-नंतर चालणाऱ्या स्क्रिप्टची सोय आहे. हुक लावणं जमत नसेल, तर रात्री डेटाबेसचा वेगळा डंप घेणं हा साधा मार्ग आहे.

आणि महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवून, डेटाबेस उघडून, कालची शेवटची पावती दिसते का ते पाहावं. ती दिसली तरच बॅकअप झाला म्हणायचं.