खप जगात पहिला, नफा मात्र पातळ : चीनच्या बिअरचा हिशेब

जगात सगळ्यात जास्त खपणारी बिअर कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण बडवायझर नाहीतर हायनेकेन म्हणतील. उत्तर आहे ‘स्नो’. ही चिनी बिअर चीनबाहेर फारशी दिसतही नाही. २०१६ मध्ये ‘एबी इनबेव्ह’ने ‘सॅबमिलर’ ही कंपनी १०० अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतली. त्याच वेळी स्नोमधला सॅबमिलरचा ४९ टक्के हिस्सा मात्र चिनी भागीदार ‘चायना रिसोर्सेस’ला अवघ्या १.६ अब्ज डॉलरला गेला.

एवढा स्वस्त का? एक कारण सरळ आहे. एकाच कंपनीची मक्तेदारी होऊ नये म्हणून हा हिस्सा विकणं भाग होतं आणि अडलेल्या विक्रेत्याला भाव मिळत नाही. दुसरं कारण समजायला थोडं मागे जावं लागेल.

धान्य आंबवून पेय करणं चीनला नवं नाही. शान्शी प्रांतात मिजियाया इथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत भरड धान्य आणि जवापासून केलेल्या बिअरचे अंश सापडले आहेत. पण आजची बिअर आली ती परक्यांबरोबर. रशियाने रेल्वे टाकली तेव्हा १९०० मध्ये हार्बिनला कारखाना निघाला. जर्मनांच्या ताब्यातल्या चिंगदाओ बंदरात १९०३ मध्ये ‘त्सिंगताओ’ सुरू झाली. १९१६ मध्ये ती जपानी कंपनीकडे गेली आणि १९४९ नंतर सरकारी झाली.

सामान्य माणसाच्या हातात बिअर आली ती १९७८ च्या आर्थिक सुधारणांनंतर. आता बिअर म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त पाणी, त्यात काचेच्या बाटलीचं वजन. रस्ते खराब असतील तर लांब नेणं परवडत नाही. शिवाय कारखाना म्हटला की स्थानिक सरकारला कर आणि गावाला रोजगार. त्यामुळे गावोगावी कारखाने निघाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या ८०० च्या वर होती. प्रत्येकाची आपल्या भागापुरती बिअर आणि भाव अगदी कमी.

१९९० च्या दशकात परदेशी कंपन्या महाग बिअर घेऊन उतरल्या. गिऱ्हाईक स्वस्ताला चटावलेलं, त्यामुळे बऱ्याच जणांचे हात पोळले. ‘कार्ल्सबर्ग’ने तर २००० मध्ये शांघायचा कारखाना त्सिंगताओला विकून टाकला. चायना रिसोर्सेसने सॅबच्या साथीने वेगळी वाट धरली. आधी स्थानिक कारखाने एकेक करून विकत घ्यायचे, मग हळूहळू त्यांच्या बाटलीवर स्नोचं लेबल लावायचं. खप प्रचंड वाढला, पण बाटलीमागे सुटणारा पैसा थोडाच राहिला. हेच ते दुसरं कारण.

या शतकाच्या सुरुवातीला चीनने बिअरच्या खपात अमेरिकेला मागे टाकलं. २०१३ मध्ये उत्पादन सुमारे ५ कोटी किलोलिटरवर पोचलं. तिथून उतार लागला आणि आता ते साधारण साडेतीन कोटींवर आलंय. काम करणाऱ्या वयाची लोकसंख्या घटतेय, पिणाऱ्यांची आवडही बदललीय.

म्हणून कंपन्यांनी गणित बदललं. लहान कारखाने बंद करायचे आणि कमी पण महाग बिअर विकायची. २०१९ मध्ये हायनेकेनने चीनमधला धंदा चायना रिसोर्सेसकडे सोपवला आणि तिच्या बिअर कंपनीवर ताबा असलेल्या मूळ कंपनीत ४० टक्के वाटा घेतला. कार्ल्सबर्गही परतली, पण या वेळी पश्चिम चीनच्या वाटेने. २०१३ मध्ये तिने ‘चोंगछिंग’ या कंपनीवर ताबा मिळवला. शिनज्यांगची ‘वूसू’ ही कडक बिअर आज तिच्याच पदरी आहे.

‘जगात नंबर एक’ असा आकडा कुठल्याही धंद्याबद्दल वाचला, की पुढचा प्रश्न हाच विचारायचा : एका नगामागे सुटतं किती?