यादवीत तुम्ही कोणाचे?
टेबलाभोवती चारपाच जण, पुढ्यात कागद, पेन्सिली आणि फासे. एक सूत्रधार, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचे. १९७४ साली अमेरिकेत छापलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा खेळ रूढ झाला. त्याला राक्षसच लागतात असे नाही. इंग्लंडमधली यादवीही चालते.

समजा, तुम्ही १६४५ सालचे डॉर्सेट परगण्यातले शेतकरी. राजाचे स्वार गुरे नेतात, पार्लमेंटचे शिपाई धान्य. तिथले गावकरी खरोखरच सोटे घेऊन दोघांविरुद्ध उठले होते. ऑगस्टात हॅम्बल्डन टेकडीवर क्रॉमवेलने त्यांना पांगवले.

१६४९ साली राजाचे शिर उडाले, ही सनावळी आम्ही परीक्षेला विचारतोच. पण तुमच्या पात्राला ती कुठे ठाऊक? सोटा लागला की नाही, हे फासा सांगेल. उगारायचा की नाही, हे तुम्ही. दारावर थाप पडली आहे, आणि सूत्रधार विचारतो आहे, “कडी काढता?”