कणगीचा राखणदार

जामसंडे गांवीं भातकापणी आटोपून पेंढ्याची उडवी रचली कीं तींत उंदीर शिरतात, आणि उंदरांमागोमाग धामण येते. ती दिसतांच घरचीं माणसें काठी घेऊन धांवतात. धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु सर्पास दूध ओढून घेण्याजोगे ओठ नाहींत. त्याचे दांत आंचळास लागले तर गाय क्षणभरही स्वस्थ उभी राहणार नाहीं. गाय आटली तर कारण चारा, आजार किंवा गाभणपण यांत शोधावें.

धामण बिनविषारी आहे. मांजराचा पंजा पोंचत नाहीं अशा बिळांत ती शिरते व उंदीर खाते. उंदराच्या मूत्रापासून होणारा लेप्टोचा ताप भातलावणीच्या दिवसांत माणसें नेतो, हें आपण जाणतोंच. प्रस्तुत लेखकाच्या हातूनही एकदां धामण मारली गेली. त्या सालीं कणगींतील बियाणें उंदरांनीं फस्त केलें. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तिला मारणें गुन्हा आहे.

मात्र घोणस व फुरसें हे विषारी सर्पही आपल्या कातळावर आहेत. ओळख न पटल्यास दूर राहावें, उडवींत उघडा हात घालूं नये. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडतां सरकारी दवाखाना गांठावा.

गांवच्या राखणदारास आपण वर्षाकाठीं नारळ देतों. कणगीच्या या राखणदारास निदान वाट तरी द्यावी.