रोजनामचा फुगला म्हणून फाडू नका

लगीनसराईतला शनिवार होता. गिऱ्हाईक गादीवर बसलेले, गाठी बांधून तयार, आणि आमच्या पेढीवरील बिलांचा प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर एवढेच आले की डिस्क भरली. आम्हाला वाटले, यंदा बिलेच फार झाली. पण जागा खाल्ली होती लॉग फाइलने.

लॉग म्हणजे सर्व्हरचा रोजनामचा. कोणते काम केव्हा झाले, कुठे अडले, हे तो तारीखवेळेसह लिहीत राहतो. आपण वही भरली की नवी काढतो. सर्व्हरला तसे बजावून ठेवले नाही, तर तो एकाच वहीत लिहीत सुटतो.

पुतण्याने ती फाइल एडिटरमध्ये उघडली, तर संगणकच अडकला. बरेचसे एडिटर सगळी फाइल मेमरीत ओढतात. मग घाईने त्याने ती पुसली, तरी जागा मोकळी होईना! प्रोग्रामने फाइल उघडी धरलेली असेल, तर तो बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा बिले निघाली. पण पुरावा गेला होता, आणि तासाभरात नवी फाइल फुगू लागली.

मग शांतपणे बसलो. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्सचे काम सुरू झाले, तेव्हा यंत्रांची मेमरी तुटपुंजी होती. म्हणून त्याची पुष्कळशी हत्यारे फाइल ओळीओळीने वाचतात, जसा पारखी तागा उलगडत कापड तपासतो. तीच आज लिनक्सवर आहेत. 'डीएफ' कोणती डिस्क भरली ते दाखवते, 'डीयू' कोणत्या फोल्डरने ती भरली ते. 'टेल' फाइलच्या शेवटच्या ओळी देते, 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडते. 'टेल'ने काढलेल्या दहा हजार ओळी 'सॉर्ट' आणि 'युनिक'मधून काढल्या, तर एकच तक्रार हजारो वेळा! लेबल छापणारा प्रिंटर बदलला होता, आणि प्रोग्राम जुन्यालाच हाका मारीत होता. ती नोंद दुरुस्त केली आणि रोग गेला.

तेव्हा व्यापारी बांधवांनी क्रम ध्यानात ठेवावा. आधी कारण वाचावे. मग 'जीझिप'ने फाइल दाबून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. एकसारखा मजकूर फार थोड्या जागेत मावतो. त्यानंतरच 'ट्रंकेट'ने मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करावी. पुढची काळजी 'लॉगरोटेट'वर सोपवावी. ठरल्या दिवशी किंवा ठरल्या आकाराला ते नवी वही काढते, जुन्या दाबते आणि ठरावीक संख्येपलीकडच्या काढून टाकते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. डेटाबेसचाही लॉग असतो, पण त्यावर हिशेबाची सलामती अवलंबून असते. त्याला जाणकाराशिवाय हात लावू नये. जीएसटी कायद्याने हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. चुकीची फाइल पुसली, तर अधिकाऱ्यापुढे "डिस्क भरली होती" हे उत्तर चालणार नाही.