जपानी घरातले ओळखीचे शब्द

जपानी शिकणाऱ्याला सुरुवातीला सगळेच परके वाटते. पण रोजच्या वापरातले शब्द नीट पाहिले, तर त्यांत आपले सोयरे भेटतात. वाडग्याला जपानीत ‘हाची’ म्हणतात. हा भिक्खूंच्या हातातल्या ‘पात्रा’चाच शब्द. बौद्ध ग्रंथ चीनमार्गे जपानला गेले आणि त्या लांबच्या वाटेत शब्दांचे उच्चार झिजले. ‘क्षणा’चा ‘सेत्सुना’ झाला. ‘नरका’चा ‘नाराकु’ झाला. काबुकी रंगमंचाखालच्या तळघरालाही हेच नाव आहे.

खरी गंमत ‘दान्ना’ची. मूळ शब्द ‘दान’. आधी विहाराला दान देणारा, मग आश्रयदाता, मग घरधनी, शेवटी चक्क नवरा! दान तर बायाही करीत. शब्द मात्र नवऱ्याच्या वाट्याला गेला. भगिनींनो, दुसरीच्या नवऱ्याविषयी बोलताना ‘दान्ना-सान’ म्हणावे. परक्यांपुढे स्वतःच्या नवऱ्याला ‘सान’ लावीत नाहीत. त्यासाठी ‘ओत्तो’ हा साधा शब्द आहे.

आणि दारातला ‘गेन्कान’? गहन ज्ञानात शिरण्याचे द्वार, असा झेन पंथातला त्याचा अर्थ. आज घराच्या प्रवेशाची जागा म्हणजे गेन्कान. चपला तिथेच काढायच्या.