हेड उतरल्यावर कुठले गॅस्केट?

नीरा नदीकाठचे निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले उसाचे गाव. इथल्या एखाद्या जुन्या गाडीने वाटेत वाफ सोडली, तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि रेडिएटरमधून बुडबुडे यायला लागले, की निदान जागच्या जागी होते : "हेड गॅस्केट गेलं." निदान बहुधा बरोबरही निघते. चूक होते ती त्यानंतर. हेड उतरते, ते लेथवाल्याकडे पोचायच्या आतच मालक गॅस्केट सेट आणायला बारामती किंवा नदीपलीकडचे अकलूज गाठतो. दुकानदार गाडीचे नाव आणि मॉडेल विचारून डबा पुढे करतो. हेडमधून किती धातू निघणार, बोअर किती वाढणार, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. गॅस्केट तर नेमके याच तीन गोष्टींवर ठरते.

इंजिनमध्ये या चपट्या तुकड्याइतके अवघड काम क्वचितच दुसऱ्या भागाच्या वाट्याला येते. सिलिंडरमधल्या जळत्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. आधुनिक कॉमन रेल डिझेलमध्ये दाब दीडशे बारच्या वर चढतो. त्याच पत्र्याला जवळच पडलेल्या भोकांतून चार-पाच बार दाबाचे ऑइल आणि साधारण एक बार दाबाचे पाणी वर-खाली जात असते. आग, ऑइल आणि पाणी या तिघांना एकमेकांत मिसळू न देणे, तेही हेड आणि ब्लॉक सतत हलत असताना, हे गॅस्केटचे काम.

हे हलणे डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते; तेवढ्याच लांबीचा ब्लॉक एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. मधला फरक गॅस्केटच्या अंगावरून घासत जातो, दर वेळी गाडी तापते तेव्हा आणि गार होते तेव्हाही.

गॅस्केटच्या जाडीने किती फरक पडतो, याचे उदाहरण म्हणून या भागाशी धागा असलेलीच गाडी घेऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती निरवांगीच्या जवळच वालचंदनगर वसले. याच वालचंदांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचेच नाव बदललेले रूप, प्रीमियर पद्मिनी, बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांकडे मात्र पद्मिनी अजून आहेत आणि त्यांची इंजिने अजूनही बांधली जातात.

पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे २७२ सीसी. कम्प्रेशन रेशो हिशेबापुरता ८ धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जवळपास ३९ सीसी भरते. मूळ मापापेक्षा ०.२ मिलिमीटर जाड गॅस्केट बसवले, तर त्या जागेत पाऊण सीसीची भर पडते आणि रेशो ८ वरून ७.८७ वर येतो. चालवणाऱ्याला ते कळणारही नाही.

हाच हिशेब डिझेलला लावला की चित्र पालटते. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाचे डिझेल इंजिन १४०५ सीसीचे. बोअर ७५, स्ट्रोक ७९.५ मिलिमीटर. रेशो २२ धरला तर पिस्टनवर उरणारी जागा जेमतेम पावणेसतरा सीसी. त्याच ०.२ मिलिमीटरने तीत जवळपास ०.९ सीसीची वाढ होते आणि रेशो २१ च्या खाली उतरतो. पेट्रोलमध्ये दुर्लक्ष करता येण्याजोगा फरक डिझेलमध्ये थंडीतल्या सकाळी स्टार्टरला झुंजवतो आणि पांढरा धूर काढतो. उलट, हवे त्यापेक्षा पातळ गॅस्केट पडले तर पिस्टन आणि हेड यांच्यातले अंतर कमी होते. ते पार संपले तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला लागतो, आणि नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खोलावे लागते.

म्हणूनच अनेक डिझेल इंजिनांसाठी कंपन्या एकाच गॅस्केटच्या दोन-तीन जाड्या बनवतात. ओळखायची खूण गॅस्केटच्या कडेलाच असते : एक भोक, दोन भोके, तीन भोके किंवा तितक्या खाचा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातून बाहेर पडलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचे १.९ टीडीआय इंजिन हे त्याचे चांगले उदाहरण. त्यात पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागावर ०.९१ ते १.०० मिलिमीटर येत असेल तर एका भोकाचे गॅस्केट, १.०१ ते १.१० असेल तर दोन भोकांचे आणि १.११ ते १.२० असेल तर तीन भोकांचे. एका भोकाचे १.४५ मिलिमीटर जाड, दोनचे १.५३, तीनचे १.६१. लागोपाठच्या दोन जाड्यांतला फरक ०.०८ मिलिमीटर. हाताला तो जाणवत नाही, नजरेला दिसत नाही. दुकानात दोन गॅस्केट एकमेकांवर ठेवून "सेम टू सेम आहे" म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण त्याला ते दिसणे शक्यच नसते.

फक्त हेड उतरवून गॅस्केट बदलायचे असेल, पिस्टन, रॉड आणि ब्लॉक यांना हात लागला नसेल, तर काम सोपे आहे. जुन्या गॅस्केटवर जेवढी भोके, तेवढ्याच भोकांचे नवे आणावे. जुने गॅस्केट काम संपेपर्यंत फेकू नये ते यासाठी. इंजिन पूर्ण बांधायला काढले असेल तर मात्र जुन्या खुणेला अर्थ उरत नाही. नवे पिस्टन आले, ब्लॉकचे फेसिंग झाले, की पिस्टनची उंची बदलते. ती डायल गेजने मोजावी लागते : प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून, पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना. सरासरी काढायची नसते. जो पिस्टन सगळ्यात वर येतो, त्याच्यावरून गॅस्केटची जाडी ठरते, कारण हेडला आधी लागणारा तोच असतो. डायल गेज ही महागडी चैन नव्हे. बारामतीच्या एमआयडीसीच्या परिसरात अचूक मापाची कामे रोज होतात. गेज वापरणारा कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही.

दुसरे माप बोअरचे. झिजलेला सिलिंडर पाव, अर्धा किंवा एक मिलिमीटरने वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. जुने कारागीर त्याला दहा, वीस, चाळीस म्हणतात, म्हणजे इंचाचे तितके हजारांश. गॅस्केटच्या सिलिंडरभोवतीच्या भोकाला धातूची कडी असते, ती फायर रिंग. बोअर वाढला आणि गॅस्केट मूळ मापाच्या काठावरचे असेल, तर ही कडी सिलिंडरच्या आत डोकावते. आगीत ती लाल होते, पेट्रोल इंजिनात स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटवते आणि काही दिवसांत जळून तुटते. बऱ्याच गॅस्केटचे भोक थोड्या ओव्हरसाइजला पुरेल इतके मोठे ठेवलेले असते, पण ते गृहीत धरू नये. गॅस्केट ब्लॉकवर ठेवून चारही सिलिंडरभोवती कडी पूर्णपणे बाहेर आहे ना, हे पाहायला दोन मिनिटे लागतात.

आता साहित्याबद्दल. पद्मिनीच्या काळातली गॅस्केट तांब्याच्या किंवा पत्र्याच्या दोन थरांत ॲस्बेस्टॉस दाबून केलेली असत. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. म्हणून जुन्या इंजिनावर चिकटलेले गॅस्केट कोरडे घासू नये. ओले करून पट्टीने सोडवावे आणि ती भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. त्यानंतर ग्राफाइटची कंपोझिट गॅस्केट आली. ती मऊ असतात, पृष्ठभागावरची बारीक उणीव भरून काढतात. आजच्या बहुतेक गाड्यांत एमएलएस, म्हणजे स्प्रिंग स्टीलचे अनेक पातळ थर एकत्र रिव्हेट केलेले गॅस्केट येते. त्याच्या उमटवलेल्या कडा दाबल्या जातात आणि परत उसळतात, त्यामुळे मघाचे घासणे आणि हलणे ते उत्तम सोसते. अशी गॅस्केट बनवणाऱ्या जर्मनीच्या एलरिंगक्लिंगर कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यातच रांजणगावला आहे. फरिदाबादची तालब्रोस आणि वडोदऱ्याची बँको ही नावे तर स्पेअर पार्टच्या दुकानात जुनी आहेत.

मग सगळ्यात महागडे एमएलएस घेतले की झाले? नाही, आणि इथेच पैसे वाया जातात. एमएलएसला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो. खडबडीतपणा साधारण ०.५ ते ०.७५ मायक्रॉनच्या आत असावा लागतो; कंपोझिट त्याच्या दुप्पट-तिप्पट खडबडीतपणाही चालवून घेते. जुन्या लेथवर किंवा घासून सपाट केलेल्या हेडवर एमएलएस ठेवले तर बारीक ओरखड्यांतून पाणी वाट काढते. अशा कामावर मूळ रचनेचे चांगले कंपोझिटच जास्त टिकते. पद्मिनीसारख्या इंजिनाला तेच योग्य. कारखान्यातून एमएलएस घालून आलेल्या गाडीला मात्र स्वस्तातले कंपोझिट घालू नये : त्या इंजिनाचे बोल्ट आणि त्यांचा ताण पोलादी थरांच्या हिशेबाने ठरवलेले असतात.

हेड सपाट आहे की वाकले, हे सरळ पट्टी आणि फिलर गेजने पाहतात. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. अनेक इंजिनांची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावा. वाकले असेल तर प्लेनिंग होते, आणि जितका धातू निघाला तितके इंजिनाचे गणित बदलते. काही इंजिनांसाठी ही तूट भरून काढणारे जास्त जाडीचे रिपेअर गॅस्केट मिळते. काही डिझेल हेडचे प्लेनिंग कंपनी मुळी मान्यच करत नाही. म्हणून लेथवाल्याकडून "एक हात मारला" एवढ्यावर समाधान न मानता किती मिलिमीटर काढले ते बिलावर लिहून घ्यावे. खूप तापलेले ॲल्युमिनियम हेड मऊही पडलेले असू शकते. ते सपाट करता येते, पण बोल्टखाली पुन्हा दबते. दोन-तीन महिन्यांनी गॅस्केट परत गेले की दोष गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो. तपासायला हवी असते हेडची कठीणता.

गॅस्केटवरची पाण्याची काही भोके ब्लॉकच्या भोकांपेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली असतात. पंपाजवळून पाणी लगेच वर न चढता मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावे, अशी ती योजना. "भोक जुळत नाही" म्हणून पंच मारून ते मोठे करणाऱ्या मेकॅनिकला वेळीच थांबवावे. गॅस्केट उलटे बसू नये म्हणून त्यावर 'टॉप' किंवा 'फ्रंट' लिहिलेले असते. जर्मन मालावर 'ओबेन', म्हणजे वरची बाजू. लेप असलेल्या एमएलएसवर शेलॅक किंवा सिलिकॉन फासायची गरज नसते. त्याने पकड वाढत नाही, उलट लेपाला बाधा येते.

बोल्ट हा गॅस्केटच्या खरेदीचाच भाग मानायला हवा. बोल्टवर लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग डोक्याखालच्या आणि आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष हेड दाबायला उरतो तो एक दशांश. आटे गंजलेले असतील तर टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवते आणि हेड तरीही ढिले राहते. ज्या इंजिनात आधी ठरावीक टॉर्क आणि मग ९०-९० अंश फिरवण्याची पद्धत आहे, तिथे बोल्ट ताणले जाऊन कायमचे लांब होतात. ते पुन्हा वापरू नयेत. ब्लॉकमधली बोल्टची भोके पाणी आणि ऑइल काढून कोरडी करणे तितकेच महत्त्वाचे. खाली अडकलेले पाणी दबत नाही आणि ब्लॉकला तडा जातो. घट्ट करायचा क्रम मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने.

गॅस्केट जाण्याचे एक कारण मात्र नीराकाठच्या या पट्ट्याचे खास आहे. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूरला ऊस दिला, तशी कालव्याखालच्या काही जमिनींना खारवटपणाही दिला. अशा भागातल्या विहिरीचे आणि बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये पडते. त्याने आत क्षार साठतात, रेडिएटरच्या नळ्या अरुंद होतात आणि ॲल्युमिनियम हेडच्या पाण्याच्या भोकांभोवतीचा धातू खाल्ला जातो. नेमक्या त्याच कडेवर गॅस्केटला टेकायचे असते. हेड उतरल्यावर त्या कडा कुरतडलेल्या दिसल्या, तर आधी वेल्डिंग आणि फेसिंग करावे लागते. रेडिएटर रॉडिंग करून घेणे, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तो उघडतो का ते पाहणे आणि यापुढे शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरणे, ही कामे त्याच खर्चात धरावीत. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत मे महिन्यात सोयीची वाटते, पण मग इंजिन थंडीत योग्य तापमानाला पोचत नाही.

दुकानात जाताना सोबत चार गोष्टी असाव्यात : जुने गॅस्केट, इंजिन आणि चेसिस नंबर, लेथवाल्याचे मापांसह बिल आणि पिस्टनच्या उंचीचा कागद. एकाच नावाच्या गाडीत बीएस-३ आणि बीएस-४ च्या इंजिनांची गॅस्केट वेगळी असू शकतात, त्यामुळे नुसते मॉडेलचे नाव पुरत नाही. डब्यावरचा पार्ट नंबर आणि गॅस्केटवर छापलेला नंबर ताडून पाहावा. घडी पडलेले, खिळ्याला टांगून वाकलेले गॅस्केट परत करावे.

इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत रोज सकाळी, गाडी गार असताना, पाण्याची पातळी आणि ऑइलची पट्टी पाहावी. ऑइल चहासारखे दुधी दिसले, किंवा गार इंजिन चालू करताच रेडिएटरचा होज कडक झाला, तर गाडी पुढे चालवू नये. जुन्या पद्धतीच्या कंपोझिट गॅस्केटला कंपनीने सांगितले असेल तर पाचशे ते हजार किलोमीटरनंतर, गार इंजिनवर, बोल्ट पुन्हा टॉर्कला आणावे लागतात. एमएलएसला सहसा त्याची गरज पडत नाही.