ऑफ तासाची वही

सकाळी दहा वीसला शिपाईमामा माझ्या टेबलावर मस्टर ठेवतात आणि त्यावर ऑफ तासाची वही. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेली, आत पट्टीने आखलेले रकाने: तारीख, गैरहजर शिक्षक, तास, वर्ग, बदली शिक्षक, सही. परिपाठाची घंटा दहा चाळीसला. तेवढ्या वीस मिनिटांत ही वही भरून स्टाफरूममध्ये फिरून यायला हवी. उशीर झाला की पहिल्याच तासाला एखादा वर्ग मोकळा राहतो, आणि मोकळ्या वर्गाचा गलका गावच्या पारापर्यंत ऐकू जातो.

बालाघाटाच्या डोंगरातली आमची शाळा अनुदानित, पाचवी ते दहावी, बारा तुकड्या. मंजूर शिक्षक सोळा, कामावर चौदा. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी एक सर किरकोळ रजेवर, एक मॅडम तालुक्याला प्रशिक्षणात आणि गणिताचे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला. (शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नका असं सांगतं. मतदार यादी निवडणुकीचीच, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.) चौदातून तीन गेले, राहिले अकरा. वर्ग बारा. कुणालाही श्वास घ्यायला न देता आठही तास उभं केलं, तरी दर तासाला एक वर्ग उरतोच. मग दोन तुकड्या एकत्र बसवा, नाहीतर पीटीच्या सरांना सांगून मैदानावर काढा. आणि तरीही उरेल तिथे ‘मु. अ.’ लिहा, म्हणजे मी.

मुख्याध्यापक झाले त्या वर्षी ही वही मी माझ्या सोयीने भरायचे. ‘हो मॅडम’ म्हणणाऱ्यांच्या नावावर ऑफ, कुरकुरणाऱ्यांना सूट. ऑगस्टअखेर मराठीच्या मॅडमनी एक अक्षर न बोलता वही माझ्यापुढे उघडली. स्वतःच्या सह्यांखाली त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. महिन्याचे एकवीस ऑफ. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सरांचे तीन. मला काय बोलावं ते सुचेना. तेव्हापासून शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं लिहून दर ऑफला एक काडी मारते, पाचवी काडी आडवी. पान सगळ्यांना उघडं. नेतृत्व, प्रेरणा, संघभावना यांवर प्रशिक्षणांत मी पुष्कळ ऐकलं आहे, तक्तेही काढले आहेत. स्टाफरूममधला निम्मा रुसवा गेला तो या काड्यांनी.

‘मु. अ.’ लिहायला लागले ते नाइलाजाने. आता मुद्दाम लिहिते. लॉगबुक घेऊन मागच्या बाकावर बसलं की पाठ छानच होतो: तक्ता लागलेला, टाचण टेबलावर, प्रश्न विचारायच्या आधी हात वर. ऑफ तासाला अचानक गेलं की वर्ग घरच्या कपड्यांत सापडतो. वह्या चाळल्या की कुठला विषय कितव्या धड्यावर अडकलाय ते दिसतं. दहावी अ च्या आठव्या तासाला गेले तेव्हा चार पस्तीसलाच निम्म्या मुली दप्तरं भरून उभ्या. चार चाळीसची एसटी. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास आहे, पण गाडी कुणासाठी थांबत नाही. आणि आठवा तास आठवड्यातून तीनदा बीजगणिताचा! जूनपासून त्या मुलींचं बीजगणित अर्ध्यावर तुटत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आगाराला दोन पत्रं दिली. गाडी हलली नाही. मग वेळापत्रक हलवलं, बीजगणित दुसऱ्या तासाला आणलं आणि चित्रकला शेवटी गेली. चित्रकलेचे सर अजून माझ्यावर नाराज आहेत, आणि त्यांचं काही चुकलेलं नाही.

बाकीचा दिवस कुठल्याही शाळेत जातो तसाच जातो: शालार्थवर पगारबिल, दाखल्यांवर सह्या, दहावीच्या आवेदनपत्रातली नावं जनरल रजिस्टरशी ताडून पाहणं, खिचडीची चव घेऊन चव रजिस्टरात शेरा.

त्या मंगळवारी मात्र तिसऱ्या तासाला मी नववी ब वर गेले. हजेरीपट टेबलावरच होता. पट शेहेचाळीस, त्यात ‘ह’ एकेचाळीस. सवयीने डोकी मोजली. चौतीस. पुन्हा मोजली.

“बाकीचे कुठेत रे?”

कुणी बोलेना. मग खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, “कारखान्याला गेलेत मॅडम. दिवाळीच्या आधीच.”

वर्गशिक्षकांना मधल्या सुट्टीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ते तरुण आहेत, मन लावून शिकवतात. हजेरीपट पुढे सरकवला तर मान खाली घालून म्हणाले, “मॅडम, मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणाला होता, पट पडता कामा नये.”

म्हणाले होते. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते. आधार जुळलेली मुलं मोजून पदं ठरतात, आणि पद गेलं की माणूस अतिरिक्त ठरून समायोजनाच्या यादीत जातो. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर तर आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नव्हता. म्हणून सप्टेंबरात मी आवाज चढवून तसं सांगितलं होतं. पण 30 सप्टेंबर उलटून गेली होती, आकडे ऑनलाइन भरून झाले होते. नोव्हेंबरातल्या त्या खोट्या ‘ह’ने एकही पद वाचणार नव्हतं. सूचना मी दिली होती, तिचा अर्थ कुठवर लावायचा ते सांगितलं नव्हतं. आणि ‘गै’ लागलं असतं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी घरी चौकशीला गेलं असतं. कागदावर हजर असलेल्या मुलाला कोण कशाला शोधायला जाईल?

आम्ही दोघांनी मिळून सात ओळी लाल शाईने दुरुस्त केल्या, प्रत्येकीपुढे दोघांच्या सह्या. पुढे तपासणीत कुणी विचारलं तर उत्तर माझं, हेही त्यांना सांगितलं. संध्याकाळी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून वस्तीवर गेले. चार घरांना कुलपं. पाचव्या घरात आजी शेळीपुढे पाला टाकत होती. तिची नात वर्गात पहिल्या पाचांतली.

“धाकटं लेकरू कोन संभाळावं ओ मोठ्या बाई? दोघं नवराबायको फडात,” ती म्हणाली. “मुकादमाची उचल घेतलीय. ती फिटल्याबिगर येतेत का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे फडात गेले की पाचटाच्या खोपीत भाकरी करायला आणि लहानग्याला बघायला थोरली मुलगी लागते. शिक्षण हक्क कायदा वयाच्या चौदा वर्षांपर्यंत धरून ठेवतो. नववीची मुलगी त्या रेषेच्या नेमकी पलीकडे उभी असते. आजीकडून बापाचा नंबर घेतला. पुढचे दोन आठवडे वर्गशिक्षक सातही घरच्या नंबरांवर रात्री नऊनंतर फोन लावत राहिले, कारण त्याआधी फडातलं कुणी फोन उचलत नाही. मामा, मावशी, चुलता, जो कुणी गावात उरला होता त्याला आम्ही गाठलं. संक्रांतीपर्यंत तिघं परतले. आजीची नात त्यांत नाही. तिच्या बापाने दोनदा ‘बघतो’ म्हटलं, आता फोन लागत नाही.

ऑफ तासाच्या वहीत मी एक रकाना वाढवला आहे. बदली शिक्षकाने सही करण्याआधी त्यात वर्गातली डोकी मोजून आकडा लिहायचा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना तो जाच वाटला. एका सरांनी तर विचारलं, आता मुलं मोजायचं कामही आम्हीच करायचं का? त्यांच्या नावापुढे त्या दिवशी आणखी एक काडी पडली, पण ती हिशेबानेच, रागाने नव्हे.

आज गणिताचे सर पुन्हा यादीच्या कामाला. तिसरा तास, नववी ब, मु. अ. डोकी: सदतीस.